रोग वाटेने येतो

(एका बाजाराच्या गावी, पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकीत केलेले भाषण)



मी गुरांचा डॉक्टर नव्हे, पंडित तर नव्हेच नव्हे. तुमच्यासारखाच दावणीला चार जनावरे बांधून पोट भरणारा माणूस आहे. तेव्हा मी जे सांगणार ते काही वाचलेले, काही जाणत्यांना विचारलेले आणि काही स्वतःच्या गोठ्यात पैसे मोजून शिकलेले, असे आहे. शेवटचे सगळ्यात महाग पडले, म्हणून तेच आधी सांगतो.

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपण पोरांच्या संगतीवरून वापरतो. परंतु ही म्हण ज्या कुणब्याने केली, त्याने ती शाळेच्या ओट्यावर बसून केली नाही. गोठ्यात उभे राहून केली. एकाचे दुसऱ्याला लागते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. ते कशाने लागते, एवढेच ठाऊक नव्हते.

मी बारा वर्षांचा असताना वडिलांनी गुरांच्या बाजारातून एक गाय आणली. रुमालाखाली बोटे धरून सौदा झाला आणि गाय पाऊण किमतीत मिळाली, म्हणून वडील खुशीत होते. गाईच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. दलाल म्हणाला, "लांबून चालून आली आहे, दमली आहे." गाय आमच्या दावणीला इतर जनावरांशेजारी बांधली. चौथ्या-पाचव्या दिवशी दोन्ही बैल चघळ सोडून उभे राहिले. जिभेवर फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा, पाय टेकवेना. तो लाळ्या-खुरकूत होता. आठ दिवसांत शेजारच्या तीन गोठ्यांत तेच. मृग बरसून गेला, सगळ्या गल्लीची तिफण कोपऱ्यात उभी, आणि बैल पाय झाडीत बसलेले. मोठी जनावरे या रोगाने सहसा मरत नाहीत, हे खरे. परंतु आमचे दूधपिते वासरू सकाळी उड्या मारीत होते आणि दुपारी मेलेले आढळले. हा रोग कोवळ्या वासरांच्या काळजालाच धरतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

आता ऐका, आमच्या घरी निदान काय झाले. आजी म्हणाली, शेजारणीची नजर लागली. शेजारीण म्हणाली, यांनीच काहीतरी करणी केली. दोन्ही घरांचे बोलणे दोन वर्षे बंद होते. आणि तो दलाल पुढच्या बाजारी त्याच झाडाखाली, तसल्याच दुसऱ्या जनावराची दोरी धरून उभा होता! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

मंडळी, साथीचा रोग म्हणजे एक प्रकारचे बीच आहे. ते डोळ्यांना दिसत नाही इतके बारीक असते. कुठे ती बुरशी असते, कुठे जीवाणू, कुठे त्याहून सूक्ष्म असा विषाणू. परंतु बियाचा धर्म त्याला लागू आहे. पेरल्यावाचून ते उगवत नाही. ज्वारी पेरली तर बाजरी उगवत नाही, तसे लाळ्याच्या बियापासून घटसर्प होत नाही. आणि कोणतेही बी पाय नसताना प्रवास करते. गोखरू गुरांच्या अंगाला चिकटून जाते, रुईची म्हातारी वाऱ्याने जाते, तसेच प्रत्येक रोगाची स्वतःची एक ठरलेली वाट असते. ही वाट ज्याला कळली, त्याला अर्धे औषध कळले. कारण यांतल्या पुष्कळ रोगांना, एकदा जडल्यावर, आजही नेमके औषध नाही.

लाळ्या-खुरकताच्याच वाटा पाहा. आजारी जनावराच्या लाळेत, श्वासात, दुधात, शेणामुतात रोगाचे बी असते. अंगावर फोड दिसण्याच्या आधीपासून ते बाहेर पडू लागते. ते हौदातल्या पाण्यातून जाते, उरलेल्या वैरणीतून जाते, गाडीच्या चाकाला लागून जाते. धार काढणाऱ्या हाताने जाते. आणि आपल्या वहाणांनी जाते! शेजाऱ्याचे जनावर आजारी आहे म्हणून आपण मायेने बघायला जातो, त्याच्या गोठ्यात अर्धा तास उभे राहतो, आणि तसेच येऊन आपल्या गाईपुढे पेंडी टाकतो. बरे झालेले जनावरदेखील कित्येक महिने घशात हा विषाणू बाळगू शकते. म्हणून नवे जनावर घरी आणले की निदान तीन आठवडे त्याला वेगळे बांधा, त्याचे पाणी वेगळे, वैरण वेगळी, आणि आधी आपल्या निरोगी गुरांचे काम उरकून मग त्याच्याकडे जा. गोठ्याच्या तोंडाशी एका घमेल्यात धुण्याच्या सोड्याचे पाणी ठेवा; एक लिटर पाण्याला ४० ग्रॅम सोडा पुरतो, त्याने हा विषाणू मरतो. येणाऱ्याने त्यात पाय बुडवून आत यावे. पाहुण्याला ते अपमानाचे वाटेल. आमच्या मामांना वाटले होते. ते चहा न घेता गेले. मामा परत आले, वासरू आले नसते.

दुसरी वाट डसणाऱ्या माशीची. लम्पी हा शब्द दहा वर्षांपूर्वी आपल्यापैकी कोणी ऐकला होता काय? हा रोग १९२९ साली आफ्रिकेत झांबियाच्या मुलखात पहिल्यांदा नोंदला गेला. तेथून फिरत फिरत २०१९ साली तो ओडिशात दिसला आणि २०२२ च्या ऑगस्टात आपल्या जळगाव जिल्ह्यात येऊन पोचला. अंगभर गाठी, ताप, पायांवर सूज. याचे बी मुख्यतः गोमाशी, डास आणि गोचीड यांच्या सोंडेवर बसून एका गाईच्या रक्तातून दुसरीच्या अंगात जाते. म्हणजे गाईला गाय शिवली नाही तरी चालते! परंतु माशी उडून उडून किती उडणार? जिल्ह्यांमागून जिल्हे ओलांडायला तिला ट्रक लागतो, आणि ट्रक आपण भरतो. म्हणूनच त्या सप्टेंबरात सरकारने राज्यभर गुरांचे बाजार बंद केले. आपण त्या वेळी पुष्कळ बोटे मोडली. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून साथ आवरली गेली. आणि एक सांगून ठेवतो, लम्पी माणसाला होत नाही. दूध ओतून देणाऱ्यांनी विनाकारण आपलेच नुकसान केले.

तिसऱ्या वाटेविषयी मला जरा सावकाश बोलायचे आहे, कारण तिच्यापायी आपल्या गावांनी माणसांवर मोठा अन्याय केला आहे. ही वाट मातीची. काळपुळी, किंवा कोठे कोठे फाशी म्हणतात, तो रोग. सकाळी धडधाकट सोडलेले जनावर संध्याकाळी माळावर मरून पडलेले दिसते. नाकातोंडातून काळपट रक्त येते आणि ते गोठत नाही. एक मेले, दुसऱ्या दिवशी दुसरे, आणि आजाराची तर काही खूण नाही! मग गावाने काय म्हणावे? "विष घातले." कोणी घातले? ज्यांच्या माथी गावाने मेलेले ढोर ओढण्याचे काम मारले, त्या महार-मांग बंधूंनी, मांसासाठी आणि कातड्यासाठी! इंग्रजी अमदानीत अशा संशयावरून देशात ठिकठिकाणी फिर्यादी झाल्या, माणसे तुरुंगात गेली. कोणी कधीच विष घातले नसेल, असे मी म्हणत नाही. परंतु किती ठिकाणी खरा गुन्हेगार पायाखालची माती होती, हे आज कोण मोजणार?

१८७६ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख या डॉक्टराने या रोगाच्या जीवाणूचा सगळा जीवनक्रम पाहिला. जनावराच्या रक्तात तो जीवाणू कांडीसारखा असतो. पण रक्त बाहेर सांडून त्याला हवा लागली की तो स्वतःभोवती कठीण कवच करून बसतो. या बीजाला ऊन, थंडी, दुष्काळ काही बाधत नाही. मातीत ते कित्येक दशके पडून राहते. पुढे पावसाने माती धुपते, किंवा दुष्काळात गुरे गवत मुळापासून ओरबाडतात, आणि ते बी पोटात जाते. आजोबांच्या काळी जेथे ढोर फाडले, तेथे चरून नातवाची गाय मरते. यात विष कुठे आले?

उलट पाहा. असले ढोर सोलणाऱ्याच्या हातावर, मानेवर एक फोड येतो, त्याचे तोंड कोळशासारखे काळे होते; काळपुळी हे नाव त्यावरूनच पडले. वेळीच औषध मिळाले नाही तर माणूस दगावतो. मांस खाणाऱ्याच्या पोटात रोग जातो. कातडे कमावणारे, लोकर कातरणारे व निवडणारे, सगळ्यांना हा धोका. इंग्लंडात ब्रॅडफर्ड गावी एकोणिसाव्या शतकात लोकर निवडणारे मजूर याच रोगाने, श्वासातून धूळ जाऊन, मरत असत. म्हणजे आपल्या गावात ज्याच्यावर विष घातल्याचा आळ, तोच त्या ढोराचा पहिला बळी! गावाने त्याला ओढायला लावले, त्याने ओढले, तो आजारी पडला, आणि वर चोरही तोच.

म्हणून एकाएकी मेलेले जनावर, विशेषतः नाकातोंडातून रक्त आलेले, कोणीही फाडू नये आणि कोणाकडून फाडून घेऊ नये. कातड्याचा मोह धरू नये. दवाखान्यात वर्दी द्यावी. ते जसेच्या तसे खोल पुरावे किंवा पूर्ण जाळावे, आणि रक्त सांडलेली मातीही त्याबरोबर घालावी. ज्या भागात हा रोग होतो तेथे याची लस दरवर्षी टोचून घेता येते. १८८१ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर याने भर सभेत मेंढ्यांना ती टोचून दाखविली, तेव्हापासूनची ही जुनी गोष्ट आहे. आपल्याकडे मात्र अजून बैल गेला आणि झोपा केला, हीच रीत.

आता पिकांकडे वळतो. जनावर निदान हंबरते तरी; पीक मुक्याने मरते. पण वाटा त्याच.

ज्वारीची दाणेकाणी घ्या. कणसात दाण्याच्या जागी काळ्या भुकटीची पिशवी. खळ्यावर मळणी केली की त्या पिशव्या फुटतात आणि ती भुकटी चांगल्या दाण्यांना चिकटते. तेच दाणे आपण बियाण्याला ठेवतो! पेरणीनंतर दाण्याबरोबर काणीही उगवते, ताटाच्या आतून आतून वर चढते. चार महिने पीक हिरवेगार दिसते आणि कणीस बाहेर पडले की आत राख. आपण आभाळाकडे बघतो, आणि काणी तर आपल्याच कणगीतून आलेली असते. किलोभर बियाण्याला ३०० मेश या जातीची गंधकाची बारीक भुकटी ४ ग्रॅम चोळली की ही वाट बंद. एवढ्या स्वस्त औषधासाठी आळस करणाऱ्याची कीव करावी की त्याला हसावे, मला समजत नाही.

डाळिंबवाल्यांचा शत्रू तेल्या. तो जीवाणूंचा रोग. पानाफळांवर तेलकट डाग पडतात आणि फळे तडकतात. पावसाच्या उडत्या थेंबांनी तो या झाडावरून त्या झाडावर जातो. परंतु या बागेतून त्या बागेत कसा जातो? रोगट बागेतल्या गुटीच्या रोपांनी, आणि छाटणीच्या कात्रीने. छाटणारी टोळी सकाळी एका बागेत, दुपारी दुसऱ्या बागेत, तीच कात्री. लोहाराने धार चांगली लावली, छाटणाऱ्याने हात सफाईने चालविला, दोघांनीही आपले काम चोख केले, आणि बाग गेली. प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडविली, तर ही वाट बुजते. टोळीच्या मुकादमाला वेळ जातो म्हणून राग येईल. त्या वेळेची मजुरी मालकाने द्यावी. फुकटात सोवळे पाळायला मजुराला का सांगावे?

केळीवर, पपईवर, भेंडीवर जे विषाणूचे रोग येतात, त्यांची ने-आण मावा, पांढरी माशी असले रसशोषक किडे करतात. लम्पीची गोमाशी आणि केळीचा मावा हे एकाच धंद्यातले भाऊ समजा.

आणि एक वाट अशी आहे की तिला कुलूप लागत नाही. गव्हाचा तांबेरा दरवर्षी येतो कोठून? आपल्या उन्हाळ्यात तर त्याचे बी जळून जाते. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षे या प्रश्नाचा माग काढला आणि दाखवून दिले की तांबेरा थंड डोंगरांत उन्हाळा काढतो. मध्य व दक्षिण भारतात येणारा खोडावरचा काळा तांबेरा निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून वाऱ्यावर बसून येतो, आणि पावसाबरोबर पिकावर उतरतो. १९४६-४७ साली मध्य हिंदुस्थानात याने गव्हाचा असा फडशा पाडला की विळा लावण्याजोगे थोडेच राहिले. वाऱ्याला वेस नाही, तेव्हा येथे उपाय बियाण्यातच. ज्याला तांबेरा धरत नाही असा वाण पेरायचा. महाबळेश्वरला आणि निफाडला हे काम चालते. आणि तांबेराही बदलतो, नवी जात धरतो; म्हणून दहा वर्षांपूर्वीचा चांगला वाण आजही चांगला, असे धरून बसू नये.

कोणी म्हणेल, एवढ्या वाटा, कोठे कोठे पुरे पडावे? त्याला मी बुळकांडीची गोष्ट सांगतो. इथल्या म्हाताऱ्या मंडळींनी हे नाव ऐकले असेल. ताप, तोंड आले, घाण जुलाब, आणि आठ-दहा दिवसांत जनावर खलास. एका साथीत गावेच्या गावे बैलांवाचून ओस पडत. या रोगाचा अभ्यास करायला सरकारने १८८९ साली आपल्या पुण्यात प्रयोगशाळा काढली, ती पुढे १८९३ साली हिमालयात मुक्तेश्वरला नेली. तेथे १९२० च्या दशकात शेळ्यांत वाढवून सौम्य केलेली लस तयार झाली. १९५४ पासून देशभर टोचणी सुरू झाली. टोचणारे लोक पिशवीत बर्फ घेऊन पायी, सायकलीवर गावोगाव हिंडले. या रोगाची वाट एकच होती: आजाऱ्याच्या श्वासातून, लाळेतून, शेणातून शेजारच्याला. बाहेर उन्हात त्याचे बी टिकत नसे, आणि बरे झालेले जनावर पुन्हा आजारी पडत नसे की रोग बाळगत नसे. त्यामुळे टोचलेल्या गुरांच्या भिंतीने ती वाट अडली. १९९५ साली देशात शेवटची लागण दिसली. त्यानंतर लस बंद करून वर्षानुवर्षे गावोगाव शोध घेतला, आणि २०११ साली सगळ्या जगातून बुळकांडी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. माणसाने मुळासकट उपटलेले आजवर दोनच रोग, एक माणसांची देवी, दुसरी गुरांची ही बुळकांडी. आणि आमच्या गावांत या गोष्टीचा एक नारळसुद्धा फुटला नाही!

उलट मरीआईचा गाडा मात्र आपल्याला तोंडपाठ. गावात पटकी येवो की गुरांवर साथ येवो, गाडा सजवायचा आणि शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो उचलून त्याच्या पुढच्या शिवेवर. देवीची टिंगल मी करीत नाही. ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी. मी विचारतो ते एवढेच, की संकट शेजारच्या गावाच्या माथी ढकलून आपण सुटतो, ही कल्पना आली कोठून? आजारी जनावर बाजारात नेऊन विकणारा दुसरे काय करतो? तोही गाडाच ढकलतो. फक्त त्याला पैसे मिळतात.

लपविण्याचे कारण मला माहीत आहे. वर्दी दिली की दुधाचे बंद होते, बाजार बंद होतो, सोयरे येत नाहीत, आणि कर्ज काढून घेतलेली गाय कवडीमोल होते. गरिबाने लपवू नये असे वाटत असेल, तर लपविल्यावाचून त्याचे भागेल अशी तजवीज पाहिजे. लम्पीच्या वेळी, २०२२ साली, सरकारने मेलेल्या दुभत्या गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत जाहीर केली. ज्यांनी वर्दी दिली, पंचनामा करून घेतला, त्यांना ती मागता आली. ज्यांनी रात्रीतून ओढ्यात टाकले, त्यांचे दोन्ही गेले. साथीच्या रोगाची वर्दी मालकाने द्यावी असा २००९ सालचा कायदाच आहे. परंतु कायदा आपल्याला वर्दी द्या म्हणतो, तर आपणही विचारले पाहिजे की दवाखान्याला कुलूप का, डॉक्टरची जागा रिकामी का, आणि लस वेळेवर का येत नाही. हे ग्रामसभेत, सर्वांनी मिळून, लेखी विचारायचे. एकट्याने ओट्यावर बसून शिव्या दिल्याने कुलूप निघत नाही.

मघाशी मागून एका आजीने विचारले, यंदा पोळ्याचे तोरण बांधायचे की नाही? आजी, गावात आणि आसपास कोठे आजार नसेल तर वाजतगाजत बांधा. एकही जनावर लाळ गाळीत असेल किंवा कोणाच्या अंगावर गाठी असतील, तर यंदा बैल वेशीत एकत्र आणायचे नाहीत. पुरणाची पोळी गोठ्यातच चारा. बैल काही रुसत नाही.

सोमवारी सकाळी टोचणारी मंडळी येणार आहेत. चावडीपुढे सगळ्या गावची गुरे गोळा करू नका. त्याच गर्दीत रोग वाटला जातो. जनावरे आपापल्या दावणीला ठेवा, ते घरोघर येतील. लस बर्फाच्या पेटीत आहे ना, ते बघून घ्या. तापलेली लस म्हणजे नुसते पाणी. आणि प्रत्येक जनावराला नवी सुई मागा. सुई हीही एक वाटच आहे. टोचणारा कुरकुरला, तर माझे नाव सांगा.